राखाडी जिन्यावरची निळी ओढणी

१

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर एक फोटो लागला होता. जिना राखाडी, भिंत राखाडी, जिन्याच्या पायथ्याचं लोखंडी गेट राखाडी. गेटसमोर पाठमोरी उभी असलेली मुलगीही राखाडी. तिने उजवा हात उगारला होता आणि हातात वरवंटा होता. अख्ख्या फोटोत रंग एकाच गोष्टीला होता, तिच्या खांद्यावरून मागे सोडलेल्या ओढणीला. ती निळी होती.

खाली टाइप केलेली एक ओळ होती : ‘कुलूप कोणी तोडलं, ते बघा.’

इंदुरात, भंवरकुआंच्या या हॉस्टेलात, गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवशी मुलींना आत ठेवून दोन्ही दारांना कुलूप लावतात. कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं, सुरक्षा. राजवाड्याजवळ सगळं शहर रंगात भिजत असतं आणि आम्ही गॅलरीतून लांबचे ढोल ऐकतो. यंदा मात्र कोणीतरी, कोणाच्या नजरेस न पडता, मागच्या गेटचं कुलूप फोडलं आणि मुली धावत सुटल्या. त्या गर्दीत खालच्या मजल्यावरची एक मुलगी जिन्यावरून घसरली. तिचं मनगट मोडलं. संध्याकाळी खरगोनहून तिचे वडील आले. त्यांनी मालकांना, म्हणजे शरदचंद्रजींना, एकच प्रश्न विचारला, “माझ्या मुलीला कोंडलं का होतं?”

तेव्हा शरदचंद्रजींना उत्तर सुचलं नव्हतं. आता ते बोर्डावर लागलं होतं.

हॉस्टेलात निळी ओढणी म्हटलं की सगळ्यांना धम्मदीनाच आठवते. ती महूची, राज्यसेवेची तयारी करणारी, माझ्या समोरच्या खोलीत राहणारी. फोटोपुढे जमलेल्या मुली आपोआप बाजूला झाल्या आणि तिच्यासाठी वाट मोकळी झाली. तिने फोटो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला.

“ही मी नाही,” ती म्हणाली.

“अगं पण ओढणी तर...” कोणीतरी पुटपुटलं.

“ओढणी माझ्यासारखी आहे. बाई मी नाही.”

एवढ्यात ऑफिसचं दार उघडलं. शरदचंद्रजी बाहेर आले. त्यांच्या हातात एक कागद होता.

“माफीनामा आहे,” ते म्हणाले. “शनिवारपर्यंत सही कर. नाहीतर तोडफोडीची तक्रार पोलिसांत जाईल. तुमची ती चारित्र्य पडताळणी असते ना, मग बघ.”

२

मी फिजिक्समध्ये पदवी घेतली आहे आणि पुढच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी इथे राहते. फोटो बघताना चेहऱ्याआधी उजेड कुठून आला हे बघायची मला खोड आहे. म्हणून दुपारी मी तोच फोटो हॉस्टेलच्या ग्रुपवरून लॅपटॉपवर घेतला आणि धम्मदीनाच्या खोलीत जाऊन बसले.

“अनुश्री, तू कशाला यात पडतेस यार?” ती म्हणाली. “तुझ्याही घरी फोन जाईल.”

“जाऊ दे. तू त्या वेळी कुठे होतीस?”

“इथेच. उत्तर लिहायची प्रॅक्टिस करत होते, कानात हेडफोन. हॉस्टेल रिकामं झालेलं मला कळलंसुद्धा नाही. साक्षीदार एकही नाही. अब बोल.”

“आणि ओढणी?”

तिने कपाट उघडलं. सर्वांत वरच्या कप्प्यात, मलमलच्या कापडात गुंडाळलेली ओढणी होती. शाईसारखी गडद निळी.

“आनंदीआजीने दिली. मी ही चौदा एप्रिलला घालते, महूत. वर्षातून एकदा. मग हाताने धुऊन गॅलरीत वाळवते, घडी घालून ठेवते. ही ओढणी मी रंगपंचमीला घालीन? गुलालात? आमच्याकडे कोणालाही विचार, हसतील.” ती हसली नाही. “हेच सकाळी सरांना सांगितलं. ते म्हणाले, हा काही पुरावा नाही.”

खरंच तो पुरावा नव्हता. मी लॅपटॉप उघडला.

फोटोतली एकच वस्तू रंगीत ठेवणं सोपं आहे. गिम्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फोटोचे दोन थर करायचे. वरच्या थरातला रंग काढून तो राखाडी करायचा. मग जी वस्तू रंगीत हवी, तिच्यावरून ब्रश फिरवायचा. तिथे वरचा थर जणू झिरझिरीत होतो आणि खालचा रंग दिसतो. ब्रश जिथे फिरायचा राहिला, ती जागा राखाडीच राहते.

मी फोटो मोठा करत गेले. ओढणीचं एक टोक जिन्याच्या रेलिंगमध्ये अडकलं होतं. दोन सळ्यांच्या मधून तिची बोटभर घडी बाहेर डोकावत होती. ब्रश तिथे पोचला नव्हता. ती घडी राखाडी होती.

“हे बघ,” मी म्हणाले. “निळ्यातला रंग काढला तर काय उरेल?”

“काळपट काहीतरी.”

“बरोबर. गडद निळ्याचा राखाडी जवळजवळ काळा येतो. आता ही घडी बघ.”

धम्मदीना स्क्रीनवर झुकली. घडी मागच्या क्रीम रंगाच्या भिंतीपेक्षाही उजळ होती.

खात्री करायला आम्ही तिची खरी ओढणी त्याच रेलिंगवर टाकली, तशाच उन्हात फोटो काढला आणि त्यातला रंग काढला. कापड कोळशासारखं आलं, भिंत मात्र उजळच राहिली.

“म्हणजे ती ओढणी निळी नव्हतीच,” धम्मदीना हळू म्हणाली.

“पांढरी होती. गेरला सगळ्याच मुली पांढरं घालतात. कोणीतरी पांढऱ्यावर निळा रंग चढवला. आणि त्या कोणीतरीला हे काम येतं.”

“हॉस्टेलात असं काम येणारे कितीजण आहेत?”

मी मनाशी नावं घेतली. पहिलं नाव आठवलं तेव्हा मला बरं वाटलं नाही. ती धम्मदीनाची रूममेट होती.

३

ईशा शरदचंद्रजींच्या बहिणीची मुलगी. खंडव्याहून शिकायला आलेली. मामाच्या हॉस्टेलात राहते, पण त्याचा तोरा नाही. महिला दिनाला तिनेच आम्हा सगळ्यांना गिम्प शिकवलं होतं. राखाडी फोटोत एक लाल टिकली, एक हिरवी बांगडी, असले फोटो त्या आठवड्यात सगळ्यांनी लावले होते.

ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

“मी केलंय असं वाटतं तुला?” तिने विचारलं.

“तुला येतं, एवढंच म्हणते.”

“तुलाही येतं. यशदादालाही येतं.” तिने चिमटा जरा जोरातच लावला. “दिना माझी मैत्रीण आहे.”

“मग सकाळी फोटोपुढे तू काहीच का बोलली नाहीस?”

रिकामी बादली उचलून ती खाली गेली.

वॉर्डन सरलाकाकू स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. माझा प्रश्न ऐकून त्या वैतागल्या.

“अगं, माझी काय चूक? मी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या होत्या. आत गुलालाची एक पुडी येऊ दिली नाही. भिंती नव्याने रंगवल्यात, साहेबांचा सक्त हुकूम. गेर सुटायच्या आधी दोन्ही कुलपं लावली. कुलूप तुटेपर्यंत एक मुलगी बाहेर पडली नाही.”

“एकही नाही?”

“ईशा तेवढी सकाळी मामाकडे जाऊन आली. घरचा मामला आहे, मी कोण अडवणार? कुलूप लावायच्या आधी परतली होती.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “पण खरं सांगू? दिनाची ती ओढणी मी गॅलरीतून उतरवून घडी घातलीय, पाऊस आला होता तेव्हा. ती पोरगी तिला देवासारखी जपते. मला त्या फोटोचं काही झेपत नाही बघ.”

शेवटी मी ऑफिसात गेले. यशवर्धन, मालकांचा मुलगा, हॉस्टेलचा हिशेब आणि जाहिराती सांभाळतो. मुली त्याला इंदुरी थाटात यश भिया, म्हणजे यशभाऊ, म्हणतात. पुरुषांनी ऑफिसच्या पुढे पाऊल टाकायचं नाही असा इथे नियम आहे आणि तो यश भियालाही लागू आहे. सरलाकाकू त्याला जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच परत पाठवतात.

“आओ आओ, मॅडम सायंटिस्ट!” तो म्हणाला. “ऐकलंय तुझ्याबद्दल. जिन्यावर ओढण्या वाळवताय म्हणे.”

“फोटो कोणी पाठवला, भिया?”

“शेजारच्या गच्चीवरून एकाने काढला. नाव सांगू नका म्हणाला. असाच आला, राखाडी-बिखाडी. आजकाल सगळ्यांना स्टाइल मारायची असते.”

“तुम्हाला लगेच ओळखू आली?”

“यार, तिची ती ओढणी कोण ओळखणार नाही? समुद्रासारखी निळी. सगळ्या हॉस्टेलात तशी दुसरी नाही.” तो खुर्चीत मागे रेलला. “बघ अनुश्री, तू हुशार आहेस. अभ्यास कर. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसशील तर तुझीही खोली रिकामी व्हायला वेळ लागणार नाही.”

मी उठले. त्याच्या मागच्या खिडकीतून लोखंडी गेट दिसत होतं. नोटीस बोर्डावरच्या फोटोत दिसत होतं, अगदी त्याच कोनातून.

४

कोन म्हणजे शंका, सिद्धता नाही. मी शेजारच्या गच्चीवर चढून पाहिलं. तिथून आमच्या जिन्यावरची पाण्याची टाकी तेवढी दिसते, गेट दिसतच नाही. म्हणजे यश भिया खोटं बोलत होता. पण तो कोणाचं तरी नाव झाकण्यासाठी खोटं बोलत असेल, रंग दुसऱ्याच कोणी चढवला असेल, असंही शक्य होतं.

रात्रीच्या जेवणाला मी लॅपटॉप घेऊनच धम्मदीनाशेजारी बसले होते. एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

“दिना, तुझी ओढणी समुद्रासारखी आहे का गं?”

“समुद्र? छे. शाईसारखी आहे. तू पाहिलीस ना?”

“मग समुद्रासारखी कुठे दिसते?”

तिचा घास हातातच राहिला. मग तिने फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. तिचा डीपी. गेल्या चौदा एप्रिलचा, महूचा. फोटोवर तिच्या बहिणीने एक फिल्टर लावला होता. आकाश, झेंडे, ओढणी, सगळंच निळं हिरवटाकडे झुकलं होतं.

गिम्पमध्ये रंग उचलायची एक नळी असते. फोटोत हवी तिथे टेकवली की त्या जागेचा रंग आकड्यांत सांगते. मी तीन ठिकाणी टेकवली : खऱ्या ओढणीच्या फोटोवर, डीपीवर आणि बोर्डावरच्या फोटोवर. प्रत्येक ठिकाणी बरेच ठिपके घेऊन सरासरी काढली. खरी ओढणी वेगळी आली. डीपी आणि बोर्डावरचा फोटो यांचा निळा एकच होता.

“म्हणजे त्याने रंग माझ्या डीपीवरून उचलला,” धम्मदीना म्हणाली.

“आणि डीपीवरूनच उचलावा लागला. ईशाने तुझी खरी ओढणी पाहिलीय, मी पाहिलीय, सरलाकाकूंनी तर तिची घडी घातलीय. आमच्यापैकी कोणी खोटा रंग भरला असता तर तो शाईचा भरला असता. ज्याने ती ओढणी फक्त पडद्यावर पाहिलीय, त्यालाच ती समुद्रासारखी वाटणार.”

“आणि जो वर येऊच शकत नाही.”

समोरच्या टेबलावर ईशाने ताट तसंच ठेवलं आणि ती उठून गेली.

“एक गोष्ट राहते,” मी म्हणाले. “तुलाच अडकवायचं होतं तर नुसती ओढणी निळी केली असती. बाकी सगळा फोटो राखाडी करायची मेहनत कशाला?”

धम्मदीनाने माझ्या लॅपटॉपवरचा फोटो स्वतःकडे ओढला. बराच वेळ ती त्या पाठमोऱ्या मुलीकडे पाहत राहिली. मग तिने कुर्त्याच्या पाठीवर बोट ठेवलं.

“अनुश्री, हे डाग कसले?”

५

शनिवारी सकाळी शरदचंद्रजींनी ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. ते टेबलामागे, बाजूला यश भिया. दाराशी सरलाकाकू. ईशा कोपऱ्यातल्या स्टुलावर. धम्मदीना उभीच राहिली.

“सही?” शरदचंद्रजींनी पेन पुढे केलं.

“आधी हिचं ऐका,” धम्मदीना म्हणाली.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि घडी, भिंत, डीपी, गच्ची, सगळं क्रमाने सांगितलं. यश भिया मधूनमधून हसत होता. मी “समुद्रासारखी” हा त्याचाच शब्द उच्चारला तेव्हा ते हसू थांबलं.

“यश?” शरदचंद्रजी म्हणाले.

“पप्पा, ये सब टेक्निकल बकवास है. बरं, समजा मी रंग केला. जोक केला. तरी कुलूप तुटलं ना? मग ते कोणी तोडलं, मॅडम सायंटिस्ट? सांग ना!”

“तेच तर तुम्ही लपवलंत,” मी म्हणाले. “आम्हाला वाटत होतं की हा फोटो एक रंग दाखवायला केलाय. तो बाकीचे रंग काढायला केलाय.”

मी पाठमोऱ्या मुलीचा कुर्ता मोठा केला. पाठीवर फिकट राखाडी ओघळ होते, मानेपासून कमरेपर्यंत.

“ही रेलिंगची सावली नाही. सावली सरळ रेघांत पडते. हे ओघळ आहेत. कोणीतरी पाठीवर पाणी ओतलंय, रंगाचं. कुलूप तुटायच्या आधीच ही मुलगी रंगली होती. पण आत गुलालाची पुडीसुद्धा नव्हती. सरलाकाकू, तुम्ही पिशव्या तपासल्या होत्या ना?”

“सगळ्या,” सरलाकाकू म्हणाल्या.

“मग आत कोंडलेल्यांपैकी रंगलेली असणार कोण? जी सकाळी बाहेर खेळून आली ती. धम्मदीना तर दारातून बाहेरच गेली नव्हती. सर, तुमच्या घरी रंगपंचमी कशाने खेळतात?”

शरदचंद्रजींचा चेहरा उतरला. उत्तर इंदुरातल्या त्यांच्या सगळ्या ओळखीच्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे गुलाल चालत नाही. पळसाची फुलं रात्रभर भिजवून केलेलं केशरी टेसूचं पाणी असतं. बोर्डावरच्या फोटोत ते ओघळ केशरी दिसले असते, तर कोणाचं घर ते एका नजरेत कळलं असतं.

“मी फोडलं,” ईशा म्हणाली.

ती स्टुलावरून उठली होती. यश भिया पुटपुटला, “ईशू, चुप बैठ.”

“नाही बसत! मामाजी, मी सकाळी तुमच्याकडे मनसोक्त खेळले आणि गाडीतून परत आले. वर आले तर सगळ्याजणी गॅलरीत उभ्या राहून ढोल ऐकत होत्या. मला बाहेर जायची परवानगी आणि त्यांना कुलूप? मी मालकांची भाची म्हणून? वरवंटा घेतला आणि दिला हाणून. उद्या पुन्हा लावा, पुन्हा फोडीन.”

“मग हे चार दिवस तोंड का शिवलं होतंस?” सरलाकाकूंनी विचारलं.

ईशाने धम्मदीनाकडे पाहिलं. “दादा म्हणाला, दोन दिवसांत सगळे विसरतील. तिला फक्त एक सही करायचीय. मी घाबरले, दिना.”

“कुलूप फोडलंस ते छान केलंस,” धम्मदीना म्हणाली. “गप्प बसलीस ते नाही. त्याचं आपण नंतर बघू.” मग ती यश भियाकडे वळली. “आता तुम्ही सांगा. मीच का?”

तो खिडकीबाहेर बघत राहिला.

“मी सांगते. गेल्या महिन्यात मी विचारलं होतं की आग लागली तर मुली कुठून पळतील. ते एक. आणि दुसरं, निळा रंग दाखवला की बाकी काही दाखवायची गरज पडत नाही. लोक स्वतःच माझं नाव घेतात. घेतलंच ना सगळ्यांनी?”

त्या सकाळी वाट मोकळी करून बाजूला झालेल्यांत मीही होते.

६

शरदचंद्रजींनी घसा साफ केला. “ठीक आहे. झालं ते झालं. मी हा माफीनामा फाडतो. तक्रार नाही, काही नाही. तू निवांत परीक्षा दे. घरातली गोष्ट घरात राहू दे बेटा.”

त्यांनी कागदाचे दोन तुकडे केले. यश भियाने श्वास सोडला.

“फोटो घरात लागला नव्हता,” धम्मदीना म्हणाली. “बोर्डावर लागला होता. ग्रुपवर फिरला होता. जिचं मनगट मोडलं, तिच्या खरगोनच्या बाबांनाही तुम्ही पाठवलात. तिथे तिथे सगळीकडे मूळ फोटो जायला हवा, रंगासकट. कोणी बदलला आणि का बदलला, त्या माणसाच्या नावासकट.”

“अगं, पोराची इज्जत...”

“माझी?”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर तक्रार मी करीन. खोटा पुरावा केल्याची आणि मुलींना आत कोंडल्याची. तारखेसकट.”

शरदचंद्रजींचा आवाज कडक झाला. “विचार कर. पोलिसांत नाव गेलं तर तुझीच पडताळणी अडेल.”

“आरोपीची अडते, सर. तक्रार करणाऱ्याची नाही. मी हेच तर शिकतेय इथे.” तिने हात पाठीमागे घेतले. “आणि मागच्या गेटला कुलूप लागणार नाही. नुसती कडी, आतून. हे मी एकटी नाही मागत.”

“मीपण मागतेय,” ईशा म्हणाली.

सरलाकाकूंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. “साहेब, पुढच्या वर्षी मला हे काम सांगू नका. त्या पोरीच्या मनगटाचा आवाज मी ऐकलाय.”

शरदचंद्रजींनी ती किल्ली उचलून हातात घेतली. मग मुलाकडे न बघताच म्हणाले, “टाक ग्रुपवर.”

यश भियाने कॉम्प्युटर सुरू केला. मूळ फोटो त्याने पुसला नव्हता. पडद्यावर तो उघडला तेव्हा ऑफिसात एकदम उजेड झाल्यासारखं वाटलं. हिरवं गेट. क्रीम भिंत. पांढरीशुभ्र ओढणी. आणि ईशाच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत पसरलेला केशरी रंग.

त्याने फोटो जोडला आणि खाली टाइप करायला लागला. धम्मदीना त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

‘फोटो एडिट करताना चूक झाली. त्याबद्दल...’

“चूक झाली नको,” ती म्हणाली. “चूक आपोआप होते. मी केलं, असं लिहा. पुढे पूर्ण नाव.”

त्याने बापाकडे पाहिलं. बापाने मान खाली घातली. त्याने ओळ पुसली, पुन्हा लिहिली आणि पाठवली.

आधी ईशाचा फोन वाजला, मग माझा, मग सरलाकाकूंचा. आणि मग वरच्या मजल्यांवर, एकेका खोलीत, सगळ्यांचे.